मॉडेल रेल्वेची रूळमांडणी

मॉडेल रेल्वेसाठी रूळ निवडणे, त्यांचा मार्ग आखणे, ते फळीवर बसवणे आणि त्यांना वीज देणे, या सगळ्याला मिळून रूळमांडणी म्हणतात. इंजिने-डबे तयार विकत मिळतात. मार्ग मात्र ज्याचा त्याला घालावा लागतो. डबा घसरला की लोक आधी चाके तपासतात, पण दोष बहुधा रुळाच्या एखाद्या जोडात निघतो. कोकणात त्यात खाऱ्या, दमट हवेची भर पडते.

सर्वांत रुळलेले प्रमाण एचओ, म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान. यात रुळांमधले अंतर १६.५ मिमी असते. जागा कमी असेल तर एन प्रमाण घेतात. ते १:१६०, रुळांमधले अंतर ९ मिमी. एचओचे अंतर १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवरून आलेले आहे. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा, म्हणजे या प्रमाणात १९.३ मिमी व्हायला हवा. त्यामुळे एचओ रुळावर धावणारी कोकण रेल्वे समोरून पाहिली तर थोडी अरुंद पायांवर उभी दिसते. बहुतेक जण तिकडे काणाडोळा करतात आणि ते शहाणपणाचेच आहे, कारण रुंद रूळ घातले की प्रत्येक चाकजोडी बदलत बसावे लागते.

रुळांतून साधारण १२ व्होल्टची वीज वाहते व इंजिन ती चाकांवाटे घेते. म्हणून धातूची निवड महत्त्वाची. पोलादी रूळ स्वस्त, पण समुद्राजवळ ते लवकर तांबडे पडतात. पितळेवर चढणारा काळसर थर वीज अडवतो. निकेल-सिल्व्हरवरही थर चढतो, पण तो इतका आडवा येत नाही. किनाऱ्यावर दुसरा विचार करू नये. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. दागिन्यांच्या दुकानात जर्मन सिल्व्हर म्हणून मिळतो तो याच जातीचा. घरातली जर्मनची पातेली वेगळी, ती ॲल्युमिनियमची.

रुळाची उंची ‘कोड’ने सांगतात. कोड १०० म्हणजे ०.१०० इंच, २.५४ मिमी, कोड ८३ सुमारे २.१ मिमी, तर कोड ७५ सुमारे १.९ मिमी. कमी कोडचा रूळ खऱ्यासारखा दिसतो, पण जुन्या चाकांच्या खोल कडा त्यावर स्लीपरच्या खिळ्यांना घासत जातात. पहिल्या मांडणीला कोड १०० बरा. ठरावीक लांबीचे तयार तुकडे मुलांच्या हाती द्यायला सोयीचे, मात्र जितके तुकडे तितके जोड. सुमारे एक यार्ड, ९१४ मिमी लांबीचा लवचीक ‘फ्लेक्स ट्रॅक’ हवा तसा वळतो. वळवताना आतला रूळ पुढे सरकतो, तो कापून कानसावा लागतो. जोड नेमका वळणावर येत असेल तर दोन लांब्या सरळ असतानाच सोल्डर करून मग वाकवाव्यात, नाहीतर तिथे कोपरा पडतो.

आखणीत खऱ्या मापांचा हट्ट टिकत नाही. एक किलोमीटर त्रिज्येचे वळण एचओमध्ये साडेअकरा मीटर त्रिज्येचे होईल. एलएचबी, म्हणजे आजच्या गाड्यांचा लांब प्रवासी डबा, या प्रमाणात २७ सेंमी भरतो. सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या हा ढोबळ नियम धरला तरी ८१ सेंमी लागतात. चढाचेही तसेच. कोकण रेल्वेचा नियामक चढ, म्हणजे गाडीचा भार ज्यावरून ठरतो तो मोठा चढ, १५० ला १ आहे. एका रुळावरून दुसरा न्यायला ८ सेंमी उंची हवी, म्हणजे या चढाने १२ मीटर चालावे लागेल. म्हणून मॉडेलमध्ये ५० ला १ चालवून घेतात. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल मात्र ७४ सेंमीत बसतो. रोहा ते ठोकूर हा ७४१ किमीचा मार्ग बराचसा एकेरी आहे, तेव्हा दुहेरी गोल घालण्याऐवजी एकेरी मार्ग आणि एक क्रॉसिंगचे स्टेशन घ्यावे. समोरच्या गाडीसाठी ताटकळणे हा या मार्गाचा स्वभाव आहे, मॉडेलमध्ये तो गमावू नये. सहा डबे आणि इंजिन मावायला लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा रूळ, निदान दोन मीटरचा हवा.

फळीसाठी आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लाय घ्यावे आणि त्याच्या कडा रंगवाव्यात. ओल कडांतूनच जास्त शिरते. मांडणी पडवीत नको, माजघरात हवी. कौलांखालच्या माळ्यावर तर एक गळती पुरते. रूळ शक्यतो हिवाळ्यात घालावेत. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते. तेव्हा रूळ टोकाला टोक भिडवून बसवले तर थंडीत लाकूड आकसते, रूळ आकसत नाहीत आणि मधोमध नागासारखे उचलले जातात. हिवाळ्यात घातलेल्या रुळांचे जोड पावसात थोडे उघडतात, एवढेच. पावसातच काम करायचे तर काही जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवावी. वीज जोडपट्टीच्या भरवशावर सोडू नये, प्रत्येक लांबीला स्वतंत्र वायर सोल्डर करावी. लोखंडी टाचण्या गंजून डाग पाडतात, पितळी वापराव्यात.

रुळांखालच्या खडीसाठी समुद्राची वाळू हाताशी असते आणि तीच घात करते. रत्नागिरीच्या काळबादेवी, पूर्णगडकडच्या पुळणींत इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाची काळी वाळू आहे. कागदावर ओंजळभर पसरून लोहचुंबक फिरवला की काळे कण मिशांसारखे उभे राहतात. इंजिनाच्या मोटरमध्येही चुंबक असतो, तो हेच करतो. शिवाय मीठ. त्यापेक्षा काळ्या दगडाचा चुरा चाळून, धुऊन, वाळवून वापरावा. तोही चुंबकाखाली धरून पाहावा, कारण बेसाल्टमध्येही चुंबकीय कण असतात. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून तो ड्रॉपरने सोडतात. श्रावणात हे वाळायला दिवस लागतात आणि वर बुरशी धरते.

तपासणी कानाने होते. एक सुटा डबा बोटाने हळू ढकलत न्यावा. जिथे ‘टक्’ वाजेल तिथे नख फिरवले की पायरी लागते, ती कानसेने घासून टाकावी. सांध्यांवर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, हे दोन्ही दिशांनी करून पाहावे. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की पोरांना गाडी चालू हवी असते, आणि भाद्रपदात हवा अजून ओली असते. अशा वेळी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. सँडपेपर लावू नये. त्याच्या ओरखड्यांत मळ बसतो आणि पुढच्या वेळी दुप्पट घासावे लागते.