मोकळ्या झाडीत डिस्क का अडते?

टीवर, म्हणजे फेकायच्या जागेवर, उभं राहून समोर पाहिलं की झाडी विरळच वाटते. खोडांच्या मधून बास्केटच्या साखळ्या चमकताना दिसतात, अंतर जेमतेम ६० मीटर. डिस्क हातातून सुटते, क्षणभर सुरेख तरंगते आणि ठक्! कुठल्यातरी खोडावर आपटून पाचोळ्यात पडते. डिस्क गोल्फ खेळणाऱ्यांत एक वाक्य सतत कानावर पडतं: झाड म्हणजे नव्वद टक्के हवाच. मग डिस्क उरलेल्या दहा टक्क्यांनाच कशी शोधून काढते?

खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हा गोल्फच, पण काठी आणि चेंडूऐवजी हाताने फेकायची चकती, आणि खड्ड्याऐवजी खांबावर टांगलेल्या साखळ्या व त्यांच्याखाली टोपली. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पोचवायची. एड हेडरिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं. साखळ्यांच्या बास्केटची कल्पनाही त्यांचीच.

आता झाडांचा हिशेब करू. समजा एका हेक्टरात ४०० झाडं इकडेतिकडे उगवली आहेत आणि प्रत्येक खोड ३० सेंटिमीटर जाड आहे. सगळ्या खोडांनी मिळून अडवलेली जमीन भरते फक्त २८ चौरस मीटर, तीही १०,००० पैकी. म्हणजे ही झाडी नव्वद नव्हे, ९९.७ टक्के मोकळी आहे!

पण डिस्क एका जागी टेकत नाही, ती जाताना एक पट्टा झाडत जाते. तिची रुंदी साधारण २१ सेंटिमीटर. त्यात खोडाची जाडी मिळवली की पट्टा ५१ सेंटिमीटरचा होतो. ज्या झाडाचा मध्य या पट्ट्यात येईल, त्याला ती धडकणारच. एका झाडाच्या वाट्याला २५ चौरस मीटर जागा आहे. तेवढी जागा झाडून व्हायला डिस्कला ४९ मीटर जावं लागतं. म्हणजे सरासरी दर ४९ मीटरला एक धडक.

भौतिकशास्त्रात या अंतराला माध्य मुक्त पथ म्हणतात. वायूचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने पळत असतील, तर खोलीच्या एका कोपऱ्यातला वास दुसऱ्या कोपऱ्यात पोचायला इतका वेळ का लागतो, असा आक्षेप बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने घेतला होता. त्याला उत्तर देताना रुडॉल्फ क्लाउझियसने १८५८ साली ही कल्पना मांडली: रेणू सुसाट जातात खरे, पण पावलोपावली एकमेकांवर आदळत जातात. झाडीतली डिस्क आणि हवेतला रेणू यांना एकच गणित लागू पडतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

सरासरी ४९ मीटर याचा अर्थ तिथवर वाट सुरक्षित आहे असा नाही. नेम न धरता शंभर वेळा फेकलं, तर १८ डिस्क पहिल्या दहा मीटरांतच आपटतील. ३४ मीटरांपर्यंत निम्म्या गारद होतील. ६० मीटर पार करतील त्या फक्त २९. यात डिस्कच्या स्वतःच्या रुंदीचाही मोठा वाटा आहे. ती सुईसारखी बारीक असती तर दोन धडकांमधलं अंतर ८३ मीटर झालं असतं. दाट झाडीत काही खेळाडू डिस्क उभी धरून डोक्यावरून फेकतात, त्यामागे हेही एक कारण आहे. उभी डिस्क जेमतेम दोन सेंटिमीटर जागा घेते, निदान हवेत पालटेपर्यंत तरी.

अर्थात आपण डोळे मिटून फेकत नाही. मैदान आखणारा झाडांमधून एक वाट मोकळी ठेवतो आणि खेळाडू ती फट हेरतो. मात्र हातातून सुटताना तीन अंशांची चूक झाली, तर २० मीटरवर डिस्क एक मीटर बाजूला गेलेली असते. शिवाय ती सरळ रेषेत उडतही नाही.

हवेचा उचलणारा जोर डिस्कच्या नेमका मध्यावर लागत नाही. ती वेगात, सपाट चाललेली असताना तो मध्याच्या जरा मागे असतो. वेग मंदावून ती खाली येऊ लागली की तो पुढे सरकतो आणि तिची पुढची कड वर उचलू पाहतो. फिरणारी वस्तू मात्र जिथे ढकलावी तिथे झुकत नाही, फिरण्याच्या दिशेने पाव फेरी पुढे झुकते. फिरत्या भोवऱ्याला टिचकी मारली की तो आडवा न पडता डुलत राहतो, तो याचमुळे. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेत, फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. जोर पुढच्या कडेवर, पण उचलली जाते उजवी कड, आणि डिस्क शेवटी डावीकडे वळते. सुरुवातीच्या वेगात, जोर मागे असताना, याच्या बरोबर उलट: तेव्हा तिचा कल उजवीकडे असतो.

लांब पल्ल्याच्या धारदार कडेच्या, ‘ड्रायव्हर’ नावाच्या डिस्कमध्ये ही वळणं ठळक दिसतात, पण त्यासाठी जोरदार फेक लागते. छोट्या, झाडीतल्या मैदानावर म्हणूनच माझं मत जाड, बोथट कडेच्या ‘पटर’ डिस्कला. तो हळू उडतो, हळू फेकला तरी बराच सरळ राहतो, आणि चुकला तरी झाडीत फार खोल शिरत नाही.

धडकांचं गणित झाडांच्या सालीवरही उमटलेलं दिसतं. टीजवळच्या खोडांची टीकडची बाजू जवळून पाहा. कमरेपासून डोक्यापर्यंतची साल ठेचलेली असते, चंद्रकोरीसारख्या खुणा एकमेकींवर चढलेल्या असतात, काही ठिकाणी आतलं फिकट लाकूड उघडं पडलेलं असतं. सालीखालच्या ज्या पातळ थरामुळे खोड जाड होत जातं, तो कँबियमचा थर तिथे जखमी झालेला असतो. पातळ सालीच्या कोवळ्या झाडांना हा मार फार लागतो. त्यांच्या खोडांना लाकडी पट्ट्या किंवा जाड दोर गुंडाळता येतो. सगळ्याच झाडांना ते करणं जमत नसेल, तर टीपासूनच्या पहिल्या २० मीटरांपासून सुरुवात करावी. वरच्या हिशेबाने शंभरातल्या सुमारे ३३ फेकी तिथेच आपटतात.