मॉर्फिन नेमकं जाऊन बसतं कुठे?

ऑपरेशननंतर मॉर्फिन, म्हणजे अफूतून निघणारं वेदना थांबवणारं औषध, दिलेला पेशंट कधी बघितला असेल तर आठवून बघा. दुखणं थांबलेलं असतं पण मळमळतंय म्हणतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, पोट दोन-तीन दिवस साफ होत नाही, आणि नर्स सारखी येऊन श्वास मोजून जाते. औषध एकच, मग एवढ्या भानगडी कशा काय?

तर सगळा मामला पत्त्याचा आहे. औषध रक्तातून सगळीकडेच फिरतं, पण काम करतं फक्त जिथे त्याचा रिसेप्टर असेल तिथे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचं एक प्रोटीन, ठराविक आकाराचा रेणू येऊन बसला की पेशीला आत निरोप देणारं. असं काहीतरी असणार हे शास्त्रज्ञ खूप आधीपासून म्हणत होते, पण मॉर्फिनचा रिसेप्टर कुणाच्या हाताला लागत नव्हता.

१९७३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट नावाच्या २६ वर्षांच्या रिसर्च स्टुडंटने आणि तिचे गाइड सॉलोमन स्नायडर यांनी तो पकडला. पद्धत ऐकायला एकदम स्वयंपाकघरातली: उंदराचा मेंदू वाटायचा, त्यात रेडिओअॅक्टिव्ह केलेलं औषध घालायचं, गाळायचं, भराभर धुवायचं आणि गाळणीवर किती रेडिओअॅक्टिव्हिटी उरली ते मोजायचं. गंमत म्हणजे त्यांनी वापरलं नॅलोक्सोन, जे मॉर्फिनचा परिणाम उतरवतं, कारण ते रिसेप्टरला घट्ट धरून बसतं. पण औषध काय, कुठेही चिकटू शकतं, मग हे खरंच रिसेप्टरला चिकटलंय कशावरून? तर त्यांनी आरशातल्या जोडीसारखी दोन औषधं घेतली, रेणू तोच पण एक डाव्या हाताचा मोजा आणि एक उजव्या, त्यातलं एकच वेदना थांबवतं. नॅलोक्सोनला जागेवरून उठवलं ते त्यानेच, दुसरं जवळपास निकामी. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनीही वेगवेगळं हेच दाखवलं. (वैद्यकीय संशोधनासाठीचं मानाचं लास्कर अवॉर्ड १९७८ मध्ये मात्र स्नायडर यांच्यासोबत ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना मिळालं, पर्टला नाही. तिने जाहीर तक्रार केली, आणि मला विचाराल तर बरोबरच केलं.)

आता ह्यूज-कॉस्टरलिट्झ कोण, तर अफूसाठीची जागा मेंदूने मुळात ठेवलीच कशाला, माणूस काय जन्मतः अफू खाऊन येतो का, या प्रश्नाचं उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनला डुकरांच्या मेंदूतून काढणारे हे दोघे. मेंदू स्वतःच मॉर्फिनसारखी रसायनं बनवतो, त्यांना सापडलेल्याचं नाव एन्केफॅलिन.

पण वाटलेल्या मेंदूत पत्ता कसा कळणार? त्यासाठी हॉपकिन्समधलेच मायकेल कुहर वगैरे मंडळी मेंदूचे पातळ काप काढू लागली. रेडिओअॅक्टिव्ह औषध चिकटलेला काप फिल्मला लावून अंधारात ठेवायचा, आठवडेच्या आठवडे, आणि मग फिल्म धुतली की जिथे काळं तिथे रिसेप्टर. वेदना आवरणाऱ्या भागात काळं, बाहुली आकसवणाऱ्या भागात, उलटीच्या केंद्रात, आणि मेंदूच्या बुडाशी श्वास चालवणाऱ्या भागातही. म्हणजे वर सांगितलेला अख्खा पेशंटच त्या फिल्मवर उमटला. (पोट तेवढं यात नाही, कारण तेच रिसेप्टर आतड्यातही असतात. जुलाबावर अफू उगाच देत नसत.) १९९० मध्ये गांजाच्या रिसेप्टरचा असाच नकाशा निघाला तेव्हा श्वासाच्या त्या भागात ते अगदीच कमी दिसले. अफूच्या ओव्हरडोसने श्वास बंद पडतो आणि गांजाने सहसा पडत नाही, ते यामुळे.

हे सगळं मेलेल्या मेंदूचं झालं. जिवंत माणसाच्या मेंदूतले डोपामिनचे (हे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन) रिसेप्टर पहिल्यांदा दिसले १९८३ मध्ये, पुन्हा हॉपकिन्सलाच, आणि स्कॅनरमध्ये झोपले होते प्रोफेसर हेन्री वॅग्नर स्वतः. आपल्याकडे पेट स्कॅन म्हटलं की कॅन्सरच आठवतो, मशीन तेच, फक्त कॅन्सरसाठी टोचतात त्या रेडिओअॅक्टिव्ह साखरेच्या जागी रिसेप्टरला चिकटणारं रेडिओअॅक्टिव्ह औषध. त्यातला रेडिओअॅक्टिव्ह कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे तो बनवणारं मशीन, सायक्लोट्रॉन, जवळच हवं, नाहीतर पेशंटपर्यंत पोचेपर्यंत खेळ खलास.

२०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या टीमने अशा स्कॅन्सची मोट बांधली, १,२०० हून जास्त निरोगी माणसं, ९ न्यूरोट्रान्समीटर (डोपामिनसारखी निरोप नेणारी रसायनं) सिस्टीम, १९ रिसेप्टर आणि ट्रान्सपोर्टर (ती रसायनं परत उचलून नेणारी प्रोटीन्स), आणि नकाशा सगळ्यांसाठी खुला. फक्त एवढं लक्षात ठेवा की पेटला काही मिलिमीटरपेक्षा बारीक दिसत नाही, आणि एका घन मिलिमीटरमध्येच पेशी असतात ५०,००० च्या आसपास. शहर दिसतं, गल्ल्या नाही.

तरी तेवढ्यावरही डोस ठरवायला मदत होते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये लार्स फार्डे यांनी स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या पेशंटचे स्कॅन काढले, तेव्हा दिसलं की औषधाने साधारण ६५ ते ८० टक्के डी-टू (डोपामिन रिसेप्टरचा एक प्रकार) रिसेप्टर अडवले की गुण येतो, त्याच्या वर गेलं की हात थरथरायला आणि अंग आखडायला लागतं. त्याआधी बऱ्याच पेशंटना अंग आखडेपर्यंत डोस वाढवला जायचा, कारण आत किती जागा भरल्यात हे बघायची सोयच नव्हती.