'होडी केली' आणि 'होडी कशी करायची': लहान मुलांचं लेखन तपासताना

पहिली-दुसरीतल्या मुलाला "कागदाची होडी कशी करायची ते लिही" म्हटलं की वहीत पुष्कळदा असं काहीतरी उमटतं: "मी कागद घेतला. मग दुमडला. मग असं केलं. होडी झाली. ती पाण्यात सोडली. खूप मजा आली." वाक्यं पूर्ण, अक्षर वळणदार, क्रमही बरोबर. तपासणारा खूश होऊन भरघोस गुण देतो. पण हे अनुभवलेखन झालं. आपण मागितली होती कृती.

गल्लत होणं साहजिक आहे, कारण 'आधी', 'मग', 'शेवटी' दोन्हीकडे असतं. खरा फरक वाचणाऱ्यात आहे. अनुभव वाचणाऱ्याला स्वतः काही करायचं नसतं, त्यामुळे मधला टप्पा गळला तरी बिघडत नाही. कृतीत टप्पा गळला की वाचणारा तिथेच अडतो.

आता दुसरी वही बघा: "कागद घ्यायचा. मदोमद दुमडायचा. वरचे दोन कोपरे मदे आणायचे. खालच्या पट्या दोनी बाजुनी वर करायच्या." शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, आणि खरं तर इथवर टोपीच तयार होते, होडीचे पुढचे टप्पे राहिलेत. तरीही माझ्या मते कृतिलेखन म्हणून ही वही पहिलीपेक्षा कितीतरी सरस आहे. कुठले कोपरे, किती, कुठे आणायचे हे या मुलाने सांगितलंय. शुद्धलेखन जरूर बघा, पण त्याची नोंद वेगळी ठेवा. 'घ्या', 'दुमडा' असा आज्ञार्थ नाही म्हणूनही गुण कापू नका. 'घ्यायचा, दुमडायचा' असंच आपण एकमेकांना कृती सांगतो.

'घ्यायचा'ने सुरुवात करून मूल मध्येच 'मग मी चिकटवलं'वर घसरतं, असंही होतं. त्या जागी खूण करा. तिथे वाचणारा त्याच्या नजरेआड झाला आणि स्वतःची आठवण पुढे आली.

पहिल्या वहीतलं 'असं केलं' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलाच्या डोळ्यांसमोर ती घडी स्वच्छ आहे, त्यामुळे वाचणाऱ्यालाही ती दिसतेय असं त्याला वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात सहा ते आठ वर्षांच्या मुलांना नळ किंवा पिचकारी कशी चालते हे दुसऱ्या मुलाला समजावून सांगायला लावलं होतं. सांगणारी मुलं 'हे', 'ते' म्हणत पुढे जायची आणि समोरच्याला सगळं कळलं असं धरून चालायची. म्हणजे हा आळस नव्हे. या वयात दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं अजून जमायचं असतं, आणि कृतिलेखनात तेच जोखायचं असतं.

त्यासाठी सोपी परीक्षा आहे. मुलासमोर बसा आणि त्याने लिहिलंय तेवढंच करा, मनाची भर घालू नका. "दुमडला" एवढंच असेल तर कागद कसाही दुमडा. मूल लगेच ओरडतं, "तसं नाही, मधोमध!" हा शब्द त्याच्याकडे होता, कागदावर आला नव्हता. साहित्याची यादी आणि शीर्षक आहे का, हेही बघावं, पण ते शिकवल्यावर पटकन जमतं.

लिहायला देण्याआधी एकदा तोंडी सांगायला लावा. तोंडी नीट सांगणारं मूल कागदावर अर्ध्यात थांबत असेल, तर अडचण कृती सांगण्यात नाही. अक्षरं आठवण्यात आणि हात चालवण्यात त्याची शक्ती संपतेय. अशा मुलाने बाण काढून चित्रात दाखवलेली घडीही टप्पा म्हणून धरावी.

अडलेल्या जागा त्याला त्याच दिवशी पुन्हा लिहू द्या. 'असं केलं'च्या जागी 'कोपरा मधल्या रेघेवर आणायचा' आलं, तर दोन्ही कागद तारीख घालून जपून ठेवा, आणि पुढच्या वेळी तुलना वर्गातल्या इतरांशी न करता याच कागदांशी करा.