चाळीस जहाजं एकत्र गेली तर कमी का दिसतात?

व्हेनेझुएलातलं माराकाइबो सरोवर समुद्राला मिळतं, त्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून मोठं जहाज जाऊच शकत नसे. देशाचं बहुतेक खनिज तेल मात्र त्या सरोवराच्या तळाखाली आणि काठावर. म्हणून उथळ पाण्यात चालतील असे खास बुटके टँकर बांधले गेले. ते सरोवरात तेल भरायचे आणि समोरच्या अरुबा आणि कुरासाव या डच बेटांवरच्या रिफायनऱ्यांत नेऊन रिकामं करायचे. ब्रिटनच्या विमानांना लागणाऱ्या पेट्रोलचा मोठा वाटा या दोन बेटांतून जात होता. इतका मोठा पुरवठा इतक्या अरुंद वाटेवर अवलंबून असल्याचं जर्मन आरमाराच्याही लक्षात आलं होतं.

१६ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे कप्तान वेर्नर हार्टेनश्टाइनची यू-१५६ ही पाणबुडी अरुबाच्या सान निकोलास बंदरासमोर वर आली. नांगरलेल्या ‘पेदेर्नालेस’ आणि ‘ओरान्येस्ताद’ या बुटक्या टँकरांना तिने टॉर्पेडो मारले आणि पाण्यावर तेल पेटलं. पुढचं काम डेकवरच्या तोफेने रिफायनरीच्या टाक्या फोडण्याचं. पाणी शिरू नये म्हणून तोफेच्या नळीच्या तोंडाला बूच लावलेलं असतं. ते काढायचं राहिलं. पहिलाच गोळा नळीत फुटला, एक नौसैनिक प्राणाला मुकला आणि तोफेवरच्या अधिकाऱ्याचा पाय गेला. त्या एका बुचाने रिफायनरी वाचवली, असं मला वाटतं. हार्टेनश्टाइनने पुढे नळीचा फाटलेला भाग करवतीने कापून काढला आणि तीच तोफ पुन्हा वापरली.

त्याच दिवशी यू-५०२ ने माराकाइबोकडून येणारे आणखी टँकर बुडवले. दोनच दिवसांनी यू-१६१ थेट त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन बंदरात शिरली आणि दोन जहाजांना टॉर्पेडो मारून निघून गेली. सुनील गावसकरांनी १९७१ साली कसोटी पदार्पण केलं, तेच हे शहर. यू-१२९ गयानाच्या किनाऱ्यावर बॉक्साइटच्या जहाजांमागे होती. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम होतं आणि ॲल्युमिनियमशिवाय विमान होत नाही. सुरिनाम आणि ब्रिटिश गयानातल्या खाणींचा माल उथळ नद्यांतून अर्धवट भरून त्रिनिदादला यायचा आणि तिथे मोठ्या जहाजांत चढायचा. म्हणजे तेल आणि बॉक्साइट, दोन्हींच्या वाटा याच पाण्यातून.

मारा खात होते ते व्यापारी जहाजांवरचे खलाशी. कुरासावच्या टँकरांवरच्या चिनी कामगारांनी संरक्षक जहाज सोबत असल्याशिवाय समुद्रात जायला नकार दिला. त्यांना छावणीत डांबलं गेलं आणि २० एप्रिल १९४२ रोजी तिथे झालेल्या गोळीबारात १५ जण मारले गेले. युद्धाच्या इतिहासात या माणसांना अगदी थोडी जागा मिळते, याची मला खंत वाटते. त्यांची मागणी अवास्तव तर नव्हतीच, काही महिन्यांनी सगळ्या कॅरिबियनमध्ये तीच पद्धत लागू झाली. (ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण दर चौथा माणूस तेव्हा हिंदुस्थानी होता. रत्नागिरीकडचे डेकवर, गोव्याचे जेवणाच्या दालनात आणि भटारखान्यात. त्यांचीही नावं फारशी कुठे वाचायला मिळत नाहीत.)

मग लगेच कॉन्व्हॉय, म्हणजे पहाऱ्यातले जहाजांचे तांडे, का सुरू झाले नाहीत? अमेरिकी आरमाराकडे पहाऱ्याची जहाजं कमी होती आणि अपुऱ्या पहाऱ्याचा कॉन्व्हॉय हा कॉन्व्हॉय नसण्यापेक्षा वाईट, असा त्यांचा समज होता. वरवर पाहता तो पटतोही. सगळी जहाजं एका ठिकाणी आणली म्हणजे शत्रूला एकाच जागी सगळी शिकार मिळणार, असंच कुणालाही वाटेल. गणित मात्र उलटं निघतं.

पाणबुडीच्या मनोऱ्यावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला स्वच्छ हवेत जहाजाचा धूर आणि डोलकाठी २० किलोमीटरवरून दिसते असं धरू. एकटं जहाज समुद्रातून जातं तेव्हा दोन्ही बाजूंना २०-२०, असा ४० किलोमीटरचा धोक्याचा पट्टा त्याच्यासोबत सरकतो. चाळीस जहाजं वेगवेगळी गेली तर असे चाळीस पट्टे. पाणबुडी कुठेही असली तरी एखादं जहाज तिच्या नजरेत येणारच. आता तीच चाळीस जहाजं दहा रांगांत, रांगेत चार-चार, अशी लावा. दोन रांगांमध्ये साधारण ९०० मीटर, म्हणजे तांडा जेमतेम ८ किलोमीटर रुंद. धोक्याचा पट्टा ४० वरून ४८ किलोमीटर झाला, पण असे पट्टे चाळीस होते, आता एकच उरला. बाकीचा समुद्र रिकामा. पाणबुड्या दिवसचे दिवस रिकाम्या क्षितिजाकडे पाहत डिझेल जाळत राहतात.

तांडा रुंद आणि आखूड ठेवण्यालाही कारण आहे. टॉर्पेडो सहसा बाजूने मारला जातो, त्यामुळे बाजू जितकी आखूड तितकी नेम धरायला जागा कमी. तेलाचे टँकर मधल्या रांगांत, बाकीचे कडेला.

दुसरा हिशेब पॅट्रिक ब्लॅकेट यांचा. हे भौतिकशास्त्रज्ञ १९४२ पासून ब्रिटिश आरमाराच्या मुख्यालयात आकडे तपासत बसले होते. १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी संरक्षणाबाबत सल्ला घ्यायला बोलावलं तेही यांनाच. अटलांटिकच्या नोंदींत त्यांना दिसलं की सरासरी ३२ जहाजांच्या तांड्यांत २.५ टक्के जहाजं बुडाली, तर सरासरी ५४ जहाजांच्या तांड्यांत १.१ टक्के. कारण साध्या भूमितीत आहे. जहाजं वाढली की क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढतं, परीघ मात्र वर्गमुळाच्या हिशेबाने. शिवाय पहाऱ्याचं कडं तांड्यापासून काही किलोमीटर लांब असतं, म्हणून ते आणखीच कमी ताणावं लागतं. ब्लॅकेट यांच्या हिशेबात ८० जहाजांच्या तांड्याभोवतीचं कडं ४० जहाजांच्या कड्यापेक्षा फक्त एक-सप्तमांशाने जास्त लांब होतं. आणि कडं भेदून आत आलेल्या पाणबुडीकडे टॉर्पेडो मोजकेच. आत ४० जहाजं असोत की ८०, ती बुडवणार तेवढीच.

कॅरिबियनमध्ये मात्र या गणिताची अर्धी बाजू लंगडी पडते. इथला समुद्र बेटांनी वेढलेला. आत-बाहेर करायला क्युबा आणि हैती यांच्यामधली विंडवर्ड सामुद्रधुनी, मोना सामुद्रधुनी आणि अशाच मोजक्या वाटा. शोधत फिरायची गरज नाही, नाक्यावर थांबलं की पुरे. लपण्याचा फायदा कमी झाल्यावर सगळा भार पहाऱ्यावर आणि वेळापत्रकावर आला. जुलै १९४२ मध्ये फ्लोरिडातलं की वेस्ट-अरुबा-त्रिनिदाद असे तांडे सुरू झाले आणि ऑगस्टअखेर क्युबातलं ग्वांतानामो मुख्य नाका ठरलं. त्रिनिदादहून आलेला तांडा तिथे पोचला की न्यूयॉर्कचा तयार. कोकणातली एसटी जशी आगगाडीची वेळ धरून सुटते, तसं हे जुळवलेलं. ग्वांतानामोत एका दिवसाचा उशीर झाला तर न्यूयॉर्कहून ब्रिटनला निघणारा तांडा हुकायचा.

पहारा तुटपुंजा असला तर काय होतं तेही दिसलं. त्रिनिदादहून जिब्राल्टरकडे निघालेल्या टीएम-१ या तांड्यात नऊ टँकर होते आणि सोबत एक विनाशिका आणि तीन कॉर्व्हेट, म्हणजे पहाऱ्याच्या लहान युद्धनौका. विमानांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर, जानेवारी १९४३ मध्ये, नऊपैकी सात बुडाले. अमेरिकी आरमाराची भीती निराधार नव्हती, एवढं मान्य करायला हवं.

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस टीएडब्ल्यू-१५ हा तांडा चांदण्या रात्री हैतीच्या दक्षिणेकडून चालला होता. सोबत अमेरिकी, डच आणि कॅनेडियन जहाजं. यू-९४ पाण्यावरून जवळ येत होती. वर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकी कॅटलिना विमानाने तिला चांदण्यात पाहिलं आणि ती बुडी मारत असतानाच तिच्यावर डेप्थ चार्ज टाकले. हे म्हणजे स्फोटकांचे पिंप. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाने वाढतो, त्या दाबावर चालणारा खटका ठरवलेल्या खोलीवर स्फोट करतो. जखमी पाणबुडी वर आली तेव्हा ‘ओकव्हिल’ ही कॅनेडियन कॉर्व्हेट तिच्यावर चालून गेली आणि पुन्हा पुन्हा धडकली. दोन्ही इतक्या जवळ आल्या की कॉर्व्हेटच्या तोफा तेवढ्या खाली वळेनात, तेव्हा डेकवरच्या खलाशांनी कोकाकोलाच्या रिकाम्या बाटल्या जर्मनांवर फेकल्या. सब-लेफ्टनंट हॅल लॉरेन्स आणि पेटी ऑफिसर आर्थर पॉवेल या दोघांनीच पाणबुडीवर उडी मारली. लॉरेन्स आत उतरला तर पाणी चढत होतं, हाती घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाणबुडी बुडाली, २६ जर्मन वाचले, १९ गेले. त्याच रात्री यू-५११ ने तांड्यातले दोन टँकर बुडवले, हेही खरं.

यू-९४ आधी विमानाला दिसली, यात कॅरिबियनच्या पुढच्या लढाईचं सार आहे. त्या काळची पाणबुडी पाण्याखाली जास्तीत जास्त सात नॉट (ताशी सुमारे १३ किलोमीटर) वेगाने चालायची, तीही थोडाच वेळ, कारण बॅटरी संपायची. डिझेल इंजिनाला हवा लागते, ती वरच. आठ-दहा नॉटने चाललेल्या तांड्याला गाठायचं तर पाण्यावर येऊनच. म्हणून विमानाने पाणबुडी बुडवायची गरज नसते, तिला खाली दाबून ठेवलं की तांडा निसटतो. १९४० साली ब्रिटनने ५० जुन्या विनाशिकांच्या बदल्यात जमैका, अँटिग्वा, सेंट लुशिया, त्रिनिदाद अशा ठिकाणच्या जागा अमेरिकेला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या होत्या. विमानांचे तळ म्हणून त्या आता कामी आल्या. माराकाइबोचे टँकर बुडवणारी यू-५०२ जुलै १९४२ मध्ये घरी परतताना फ्रान्सच्या पश्चिमेच्या बिस्केच्या उपसागरात रात्री बुडाली. रडार आणि ‘ली लाइट’ हा प्रखर झोत बसवलेल्या विमानाची ती पहिली शिकार. हार्टेनश्टाइनची यू-१५६ मार्च १९४३ मध्ये बार्बाडोसच्या पूर्वेला एका कॅटलिनाने बुडवली, कुणीही वाचलं नाही.

पाण्याखाली गेलेली पाणबुडी शोधायची ती आवाजाने. जहाज आवाजाचा ठोका सोडतं आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. हेच सोनार. याचीही एक गोष्ट ग्वांतानामोतलीच आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी विनाशिका ‘सेम्स’ तिथे सोनारची चाचणी घेत होती. सकाळी यंत्र उत्तम चालायचं, दुपारी प्रतिध्वनी येईनासे व्हायचे. कोडं सोडवलं वुड्स होल या अमेरिकी समुद्रविज्ञान संस्थेच्या कोलंबस आयसेलिन यांनी. दोष पाण्यात होता. उन्हाने वरचा थर तापतो आणि गरम पाण्यात आवाज जास्त वेगाने जातो. त्या समुद्रात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर, आणि तापमान एक अंश चढलं की दोन-सव्वादोन मीटरने वाढतो. वेग जिकडे कमी तिकडे आवाज वळतो, म्हणजे खाली. वरच्या दहा मीटरमध्ये फक्त एका अंशाचा फरक असला, तर आडवा सोडलेला आवाज एक किलोमीटरवर पोचेपर्यंत चाळीसेक मीटर खाली गेलेला असतो. तिथे पेरिस्कोप पाण्याबाहेर काढता येईल इतक्याच खोलीवर उभी असलेली पाणबुडी त्याच्या वरच राहते.

मग पाण्याचं तापमान खोलीनुसार मोजणं आलं. ॲथेल्स्टन स्पिलहाउस यांनी बॅथीथर्मोग्राफ बनवला, तारेला बांधून चालत्या जहाजावरून सोडता येणारी धातूची नळी. आत तापमानाने हलणारी एक सुई आणि दाबाने सरकणारी काजळी धरलेली काचपट्टी. नळी वर काढली की पट्टीवर एक रेघ उमटलेली असे. ती पाहून सोनारवाल्याला कळायचं की आज आपल्याला किती लांबचं ऐकू येईल. खालून पाणबुडीवाल्यांनाही तेच ज्ञान हवं होतं, कारण तापलेल्या थराखालच्या गार पाण्यात गेलं की वरून ऐकू येणं अवघड होतं. युद्धात अशा पट्ट्या मोठ्या संख्येने जमल्या आणि समुद्रशास्त्रज्ञांनी त्या जपल्या. समुद्राच्या वरच्या थरांत किती उष्णता साठली आहे याचा हिशेब मांडताना आज या यंत्राची मापं वापरली जातात, मात्र त्यातल्या जुन्या चुका दुरुस्त करून घ्याव्या लागतात.