मिनिटकाट्यावरचं जेवण

अमेरिकेतल्या सिएटल शहरात ‘स्पेस नीडल’ नावाचा मनोरा आहे. त्याच्या माथ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला येणाऱ्यांची एक चूक ठरलेली असायची. खिडकीला लागून छानसा कट्टा दिसतो म्हणून पर्स नाहीतर कॅमेरा तिथे ठेवायचा आणि मेन्यूकार्डात डोकं घालायचं. सूप येईपर्यंत पर्स गायब! चोरी वगैरे काही झालेली नसायची. पर्स होती तिथेच होती, सरकला होता तो ठेवणारा. त्याची खुर्ची, त्याचं टेबल आणि आता आलेलं सूप. कट्टा मनोऱ्याच्या भिंतीचा भाग, तो कशाला हलतोय? पर्स एव्हाना मागच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांसमोर पोचलेली असायची. मुलं तर मुद्दाम कट्ट्यावर चिठ्ठ्या लिहून ठेवत आणि फेरा पुरा झाला की कुणी उत्तर लिहिलंय का ते बघत.

मला यात खरी गंमत वाटते ती अशी, की माणूस सव्वाशे टनांच्या फिरत्या चकतीवर बसला आहे आणि ते त्याला कळतं पर्स हरवल्यावर.

स्पेस नीडल उभारला गेला १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी. उंची १८४ मीटर, रेस्टॉरंट साधारण १५० मीटरवर. त्याचा सगळा मजला फिरायचा नाही. बाहेरची चारेक मीटर रुंदीची कड, म्हणजे जिच्यावर टेबलं मांडलेली, तेवढीच फिरायची. रेल्वेसारखे रूळ, रेल्वेसारखी चाकं, आणि ४७ मिनिटांत एक फेरा. बाहेरच्या कडेला बसलेला माणूस सेकंदाला तीन सेंटिमीटरांच्या आसपास सरकायचा. कोनात मोजलं तर सेकंदाला जेमतेम ०.१३ अंश. घड्याळाचा मिनिटकाटा सेकंदाला ०.१ अंश फिरतो, म्हणजे हे जेवण जवळपास मिनिटकाट्यावर बसूनच झालं. काटा हलताना आपल्याला दिसत नाही, तो ‘हललेला’ दिसतो. पर्सचंही तेच.

पण डोळ्यांना नाही कळलं, तरी अंगाला कळायला हवं ना? गोल फिरताना आपण बाहेर फेकले जातो, हे जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. इथे गणित मांडून बघण्यासारखं आहे. फिरत्या कडेची त्रिज्या सुमारे १४ मीटर धरली, तर बाहेर ढकलणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ १,४१,००० व्या भागाएवढा येतो. समोरच्या चहाच्या कपात एका बाजूला चहा थोडा चढलेला असणार, हे खरंच. किती? कप आठ सेंटिमीटर रुंद असेल तर अर्ध्या मायक्रॉनच्या जरासा वर. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा शंभरावा भागसुद्धा नाही.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे सिएटलमध्ये जमिनीवर स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाला मिळणारा असाच ‘बाहेरचा’ जोर या रेस्टॉरंटमधल्या जोराच्या तीनशे पटींहून अधिक असतो. मुंबई विषुववृत्ताला जास्त जवळ, तिथे तो साडेचारशे पट. तोही आपल्याला कधी जाणवला नाही.

तरीही फिरणं ओळखायला जोर हवाच असं नाही, कारण आपल्या कानात त्यासाठी वेगळं यंत्र आहे. दोन्ही कानांत आत, खोलवर, एकमेकींना काटकोनात बसवलेल्या तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. नलिकेत द्रव आणि त्याच्या वाटेत जेलीसारखा मऊ पडदा. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव मात्र क्षणभर मागे रेंगाळतो आणि पडद्याला दाबतो. पडद्यातल्या सूक्ष्म केसांना ते कळतं आणि मेंदूकडे निरोप जातो. फुगडी घालताना पहिल्या दोन-तीन गिरक्यांना हा निरोप जोरात असतो. मग द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो, पडदा सरळ होतो, निरोप थंडावतो. फुगडी सोडून थांबलो की नलिका थांबते पण द्रव फिरतच राहतो, पडदा उलटा वाकतो, आणि अंगण गरगरायला लागतं.

थोडक्यात, कानाला फिरण्यापेक्षा फिरण्यातला बदल कळतो. एकसारख्या गतीने फिरत राहिलं तर अर्ध्या-एक मिनिटात तो गप्प बसतो. त्यातून अगदी हळू फिरणं तो टिपतच नाही. अंधारात खुर्चीवर बसवून माणसाला सावकाश फिरवलं, तर सेकंदाला साधारण एक अंशाच्या खाली बहुतेकांना पत्ता लागत नाही. सिएटलची कड त्या मर्यादेच्या सातव्या-आठव्या हिश्शात फिरायची. कानाच्या दृष्टीने तुम्ही घरच्या जेवणाच्या टेबलावरच बसला आहात.

मग उरतात डोळे. दादरला लोकल उभी असताना शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि आपलीच निघाली असं वाटतं, हा भास रोजच्या प्रवाशांना नवीन नाही. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८७५ च्या सुमारास त्याचा अभ्यास केला होता. नजरेतला मोठा भाग एका दिशेने सरकू लागला की मेंदू निकाल देतो: जग कशाला हलेल, मीच हलतोय. फिरत्या रेस्टॉरंटमध्ये उलट आहे. तिथे आपण खरंच हलत असतो, पण सरकणारं शहर इतकं संथ की मेंदू त्या निकालापर्यंत पोचतच नाही. काहींचा मात्र पोचतो, आणि मग पहिल्या घासाला थोडं गरगरतं. डोळे म्हणतात फिरतोय, कान म्हणतो छे! घाटात एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला मळमळतं त्याचीच ही उलटी बाजू. तिथे कान हलण्याची तक्रार करत असतो आणि पुस्तकावर खिळलेले डोळे म्हणतात, सगळं स्थिर आहे.

एवढा मोठा पसारा फिरवायला मोटार केवढी लागत असेल? सुरुवातीला सिएटलला मोटार होती एक अश्वशक्तीची. सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप असतो तेवढी. पोलादी चाक पोलादी रुळावर फारच कमी विरोधाने घरंगळतं; भाराच्या हजार भागांतल्या साधारण दोन भागांइतका जोर लावला की पुरतं. १२५ टनांना म्हणजे अंदाजे २५० किलो वजनाइतका जोर. आणि ढकलायचं आहे सेकंदाला तीन सेंटिमीटरांहून थोड्या कमी वेगाने. गुणाकार केला की उत्तर येतं ६५ वॅट, छताच्या पंख्याएवढं! प्रत्यक्षात गिअरमध्ये शक्ती वाया जाते, रूळ अगदी सपाट नसतो, थांबलेली चकती हलवायला जास्त रेटा लागतो, म्हणून अश्वशक्तीभर मोटार.

अवघड काम असतं ते मोटारीचा वेग मारण्याचं. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटारीच्या पट्टीवर बहुतेक वेळा १४४० फेरे असं लिहिलेलं असतं, मिनिटाला. चकतीला समजा हवा तासाला एक. म्हणजे मोटारीचे ८६,४०० फेरे होतील तेव्हा जेवणाऱ्यांचा एक. (दिवसाचे सेकंदही तेवढेच, पण तो निव्वळ योगायोग.) इतका वेग गिअरच्या साखळीतून उतरवताना एक गोष्ट मागल्या दाराने येते. वेग जितक्या पटीने उतरतो, जवळपास तितक्या पटीने रेटा वाढतो. गाडीच्या जॅकचा दांडा आपण भराभर फिरवतो आणि टनभर गाडी केसाकेसाने वर चढते, तसंच हे.

त्यामुळे या चकतीची गतिज ऊर्जा काढली तर हसू येतं: दीड किलोचा असोला नारळ एका मजल्यावरून पडताना असते तितकी. पण ती कशात अडली तर मोटार मागून रेटतच राहते, आणि त्या रेट्यापुढे माणसाचं बळ काहीच नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या अशाच एका रेस्टॉरंटमध्ये फिरता भाग आणि स्थिर भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत अडकून पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. मंद यंत्र निरुपद्रवी वाटतं, आणि धोका त्या वाटण्यातच होता. अडथळा लागताच आपणहून थांबणारी यंत्रणा आणि फट बुजवणं हा अशा रचनेत सजावटीचा भाग नाही, पहिल्या नंबरचा भाग आहे.

मधला भाग का फिरत नाही, याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. पाण्याचे नळ, सांडपाणी, गॅस, धुराडं, लिफ्ट हे सगळं मनोऱ्याच्या पोटातून सरळ वर येतं. फिरत्या जमिनीला विजेचा पुरवठा घासत्या कड्यांमधून करता येतो. सांडपाण्याची नळी सतत एकाच दिशेने फिरणाऱ्या जमिनीला जोडायची म्हणजे मात्र डोकेदुखी. म्हणून स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह मध्यावर, स्थिर. परिणाम असा की सिएटलमध्ये हात धुवून आठ मिनिटांनी बाहेर आलं की आपलं टेबल पंधरा मीटर पुढे गेलेलं असायचं. वेटरचं तर रोजचंच. ऑर्डर घेतली तेव्हा दारासमोर बसलेलं कुटुंब, पदार्थ तयार होईपर्यंत पार वळणाआड.

या कल्पनेचा मान तसा नीरोकडे जातो. रोमच्या या सम्राटाच्या प्रासादात एक गोल भोजनशाळा होती आणि ती आकाशासारखी रात्रंदिवस फिरत असे, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहून गेला आहे. बरीच शतकं ही थाप समजली गेली. २००९ मध्ये पॅलाटाइन टेकडीवर उत्खननात चार मीटर जाड खांब असलेलं गोल बांधकाम सापडलं. हीच ती भोजनशाळा असावी आणि पाण्याच्या प्रवाहावर फिरत असावी, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. ‘आकाशासारखी’ हा शब्द अक्षरशः घेतला तर फेऱ्याला पुरा दिवस लागायला हवा. एवढा वेळ पंगत चालवणं नीरोलाच परवडलं असतं.

आपल्या काळात ही कल्पना आली टीव्हीच्या पाठीवर बसून. अँटेना उंच हवी म्हणून मनोरे झाले, आणि लोकांना वर नेऊन थोडा खर्च भागवावा म्हणून वर रेस्टॉरंटं. डॉर्टमुंड १९५९, कैरो १९६१, बर्लिन १९६९. होनोलुलूला १९६१ मध्ये जॉन ग्रॅहम या वास्तुविशारदाने असं रेस्टॉरंट केलं, मग सिएटलला हात घातला आणि फिरत्या रेस्टॉरंटचं पेटंटही मिळवलं. आपल्याकडे दिल्लीचं ‘परिक्रमा’, अहमदाबादचं ‘पतंग’. चर्चगेटच्या अॅम्बॅसॅडर हॉटेलच्या डोक्यावरची गोल चकती तर मरीन ड्राइव्हवर फिरायला जाणाऱ्यांच्या ओळखीची. फेऱ्याचा वेळ ज्याचा त्याचा: लंडनच्या पोस्ट ऑफिस टॉवरवर (ते रेस्टॉरंट १९८० मध्ये बंद झालं) २२ मिनिटं होता, दिल्लीत दीड तास. बर्लिनमध्ये सुरुवातीला तासाला एक फेरा होता, पुढे दोन झाले.

टोरंटोच्या सीएन टॉवरवरचं रेस्टॉरंट ३५१ मीटरवर आहे. लिफ्ट मिनिटभरात वर नेते, कानात दडे बसतात, वर गेल्यावर माणूस ढगांत आल्यासारखा बोलू लागतो. पुणेकरांनी मात्र भारावून जाऊ नये. टोरंटोची जमीन समुद्रसपाटीपासून ७६ मीटर, वर ३५१ घातले की ४२७. पुणं ५६० मीटरवर आहे. सदाशिव पेठेत पाटावर बसून जेवणारा माणूस त्या मनोऱ्यावरच्या जेवणाऱ्यापेक्षा शंभराहून जास्त मीटर वर आहे, आणि त्याची डाळही किंचित कमी तापमानाला उकळते.

पण पाटावरून क्षितिज दिसत नाही. उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये येतं. टोरंटोच्या त्या खिडकीतून ते सुमारे ६७ किलोमीटर. नजर क्षितिजाच्या वळणापलीकडे थोडी जास्त पोचते, त्यामुळे खाली रस्त्यावर सूर्य बुडाल्यावरही वर तो तीनेक मिनिटं शिल्लक असतो.

तेवढ्यासाठी कुणी तिथे जाणार असेल, तर एक हिशेब जवळ ठेवावा. फेरा ७२ मिनिटांचा आहे. मान फार न वळवता पश्चिम नीट दिसते ती त्यातली वीस-पंचवीस मिनिटं. नशिबावर सोडलं तर सूर्यास्ताच्या वेळी दुसऱ्याच दिशेला तोंड असण्याची शक्यता दुप्पट. म्हणून वर्तमानपत्रातली सूर्यास्ताची वेळ बघायची, तीन मिनिटं मिळवायची, त्यातून ७२ वजा करायची, आणि बरोबर त्या वेळी पश्चिमेला असलेलं टेबल मागायचं. वेटर म्हणेल, सूर्य तर अजून बराच वर आहे. त्याला म्हणावं, असू दे.