कुत्र्याची चाचणी बिबट्याला चालेल का?

जुन्नरच्या उसात वावरणारा बिबट्या भटकी कुत्री सर्रास उचलतो. कॅनाइन डिस्टेंपर हा मुळात कुत्र्यांचा आजार. त्याचा विषाणू गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही नमुन्यांत हाच विषाणू सापडला. असं निदान पिंजऱ्यापाशीच झालं, तर किती वेळ वाचेल!

कुत्र्यांमधला हा आजार तपासायची चाचणीपट्टी बाजारात मिळते. ती थेट विषाणूचं प्रथिन पकडत असेल, तर बिबट्यालाही चालू शकते, कारण विषाणू तोच. प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीचं तसं नाही. तिच्यातला रंग देणारा घटक कुत्र्याच्या प्रतिपिंडाला चिकटेल असा घडवलेला असतो. बिबट्याचं प्रतिपिंड त्याच्या हाती नीट लागत नाही, आणि आजार होऊन गेलेला प्राणीही ‘निगेटिव्ह’ दिसतो.

पट्टीला भरपूर विषाणू लागतो. थोडा असेल, तर विषाणूच्या जनुकाच्या प्रती वाढवून तो शोधणारी आरटी-लॅम्प चाचणी बरी: २५ मायक्रोलिटर मिश्रण, ६५ अंशांना अर्धा तास. पीसीआरसारखं तापमान वरखाली करावं लागत नाही, साधा हीटिंग ब्लॉक पुरतो. जनुकाच्या प्रती वाढल्या की मिश्रण आम्लधर्मी होतं आणि मिश्रणातल्या फिनॉल रेड या रंगद्रव्याचा गुलाबी रंग पिवळा पडतो. दिसायला सोपं, पण खोड इथेच आहे. स्वॅब ज्या द्रावणात बुडवतात त्यात बफर असतो. तो आम्लता शोषून घेतो आणि विषाणू असूनही नळी गुलाबीच राहते. उलट नमुनाच आम्लधर्मी असेल, तर तापवण्याआधीच पिवळा रंग येतो. म्हणून नमुन्यातला आरएनए (विषाणूचा जनुकीय पदार्थ) वेगळा काढूनच घालावा, आणि ताडून पाहायला सोबत एक नळी नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेली ठेवावी. चाचणी झाल्यावर नळी उघडायची नाही, म्हणजे नाहीच! आतल्या कोट्यवधी प्रती हवेत उडतात आणि पुढचे सगळे नमुने ‘पॉझिटिव्ह’ येऊ लागतात.

खरी अडचण रसायनाची नाही. चाचणी पडताळायला नक्की बाधित आणि नक्की निरोगी, असे दोन्ही नमुने पुरेसे लागतात. बिबट्याचे ते आणायचे कुठून? आणि आजार विरळ असेल, तर गणितही अंगावर येतं. १००० प्राण्यांत १० बाधित आहेत. चाचणी बाधितांपैकी ९० टक्के पकडते, निरोगींपैकी ९५ टक्के बरोबर ओळखते. म्हणजे खरे बाधित सापडले ९, आणि शिक्का बसला जवळपास ५० निरोगी प्राण्यांवर. पट्टीवर विसंबून माणिकडोहच्या निवारा केंद्रातला बिबट्या अडकवून ठेवायचा असेल, तर आधी पीसीआरने खात्री हवीच.

तो नमुनाही पुण्यापर्यंत धड पोचला पाहिजे. खालच्या पापणीच्या आतून आणि नाकातून स्वॅब, रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत, सगळं बर्फावर. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपरिन असतं, ते पीसीआर बिघडवतं. भूल उतरायच्या आत सगळं उरकायचं असतं, घाईत हाताला लागेल ती नळी उचलली जाते. तेव्हा हिरवी नळी पेटीत ठेवूच नये.