वीर्य दिसेना, म्हणजे ताकद गेली?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत शुगर, गुडघे, बायपास सगळं मोकळेपणानं निघतं. प्रोस्टेटचा विषय आला की आवाज खाली येतो. 'दुर्बिणीचं ऑपरेशन केलं की संसार संपला,' असं परवा एकानं ठासून सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणून हे लिहायला घेतलं.

तरुणपणी जेमतेम 20 ग्रॅमची ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेला वेढून असते. पन्नाशीनंतर बहुतेकांची वाढते. लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. झोपेचं असं खोबरं झाल्यावर नवरा-बायकोतली जवळीक औषधाआधीच आटलेली असते.

आता मुद्द्याचं. स्खलनाच्या वेळी सिंपथेटिक (आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या) मज्जातंतूंच्या हुकमावर शुक्राशय आणि प्रोस्टेट आकुंचन पावतात, वीर्य मूत्रनलिकेत उतरतं. त्याच क्षणी मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटतं. मागची वाट बंद, म्हणून वीर्य पुढं जातं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत (टीयूआरपी) अडणारा भाग खरवडताना हे तोंडही रुंदावतं. मग वीर्य मूत्राशयात शिरतं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. लघवी जरा गढूळ दिसते, एवढंच. निम्म्याहून जास्त जणांत असं होतं. अजून मूल हवं असेल त्यानं मात्र आधीच डॉक्टरांशी बोलावं.

लघवी मोकळी व्हावी म्हणून देतात त्या टॅम्सुलोसिनच्या गोळीनंही असंच होतं, असं पूर्वी मानत. पण निरोगी पुरुषांना ती जादा मात्रेत देऊन नंतरची लघवी तपासली, तर त्यात शुक्राणू जवळपास नव्हतेच. म्हणजे वीर्य मागं गेलं नव्हतं, मुळात सुटलंच नव्हतं! मज्जातंतूंचा हुकूम स्नायूंवर जिथं उतरतो ते अल्फा-1ए ग्राही ही गोळी अडवते, त्यामुळं शुक्राशय-प्रोस्टेटचे स्नायूच ढिले पडतात. गोळी थांबली की बहुधा पूर्ववत.

ताठरतेचं खातं वेगळं. तिचे मज्जातंतू ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जातात आणि टीयूआरपी आतून खरवडते. त्यामुळं बहुतेकांची ताठरता होती तशीच राहते, सुखाची जाणीवही.

पण आपलं गाव तालमींचं. चाळीस थेंब रक्तातून एक थेंब वीर्य बनतं, हे लंगोट लावल्या दिवसापासून कानावर पडलेलं. प्रत्यक्षात एका वेळच्या 2 ते 5 मिलिलिटरमध्ये शुक्राणूंचा वाटा अगदी किरकोळ. बाकी पाणी, फ्रुक्टोज, प्रथिनं. त्यात ताकद साठवलेली नसते. भिंतीवरच्या 'मर्दानी ताकद'वाल्या जाहिराती याच भीतीवर पोट भरतात.

फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्यांची गोष्ट निराळी. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (ग्रंथी वाढवणारं संप्रेरक) होणं त्या रोखतात, ग्रंथी काही महिन्यांत आक्रसते. पण काहींची इच्छा आणि ताठरता खरोखर घटते. असं झालं तर लाजून गप्प न बसता डॉक्टरांना सांगावं, औषध बदलता येतं. रोज 5 मिलिग्रॅम टॅडॅलाफिल लघवीच्या त्रासावरही चालते आणि ताठरतेवरही. मात्र छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी तिला हात लावू नये. दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो.